लाल झगा शिवताना पडलेला प्रश्न

शहापूरचा शिंपी
बेळगावात शहापूरला माझं शिलाईचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात कॅम्पातले एक फादर मिस्साच्या वेळी घालायचा लाल झगा घेऊन आले. खांद्यावर उसवलेला. २२ जूनच्या आत पाहिजे म्हणाले. हिरवा, जांभळा मी आधी केलाय, म्हणून विचारलं, आता लाल कशाला ओ? म्हणाले, रक्तसाक्षींचा दिवस आहे. आम्हाला हुतात्मा म्हटलं की सीमालढ्यातला १७ जानेवारी. हे दोघं इंग्रज निघाले, बिशप जॉन फिशर आणि थॉमस मोर. १५३५ साली राजा आठव्या हेन्रीनं दोघांची मुंडकी उडवली. राजाही ख्रिश्चन, हेही ख्रिश्चन! तेवढ्यात ब्लाऊजवाल्या बायका आल्या नि बोलणं राहिलं. मारणारे कळले, मरणारे कळले. मधे पडणारं कुणी नव्हतं काय?

निपाणीचा रिटायर मास्तर
शिंपीदादा, राजाला पहिल्या लग्नातून सुटायचं होतं, पोप सोडवेना. मग राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. ते मान्य न करणारा राजद्रोही. फिशर तुरुंगात असतानाच पोप तिसऱ्या पॉलनं त्यांना कार्डिनल केलं. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, त्याला लाल टोपी मिळते. ती घालायला याच्या खांद्यावर डोकं राहणार नाही, असं हेन्री म्हणाल्याचं सांगतात. २२ जूनला डोकं गेलं, लंडनच्या पुलावर लावलं. ६ जुलैला मोर गेले, तेव्हा फिशरचं काढून थेम्समध्ये टाकलं आणि मोरचं लावलं.

तुम्ही विचारलेला मधला माणूस त्याच टोप्यांच्या यादीत आहे. व्हेनिसचा गास्पारो कोंतारिनी. तोवर साधा पाद्रीसुद्धा नव्हता, व्हेनिसचा राजदूत म्हणून फिरलेला. १५३७ मध्ये त्याच्या समितीनं पोपलाच लेखी सुनावलं की घोटाळ्यांचं मूळ तुमच्या दरबारात आहे, बिशप आपल्या मुलखात राहत नाहीत. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला पोपविरुद्ध उठलेल्या प्रोटेस्टंटांचा पुढारी ल्यूथर, त्याचा सोबती मेलांख्थोन आणि पोपकडचे कॅथलिक पंडित तडजोडीला समोरासमोर बसले, पोपचा दूत म्हणून कोंतारिनी हजर. माणूस देवापुढं नीतिमान कशानं ठरतो, या अवघड मुद्द्यावर चक्क जमलं की ओ! पुढं प्रभुभोजनातल्या भाकरीचं नेमकं काय होतं, यावर गाडं अडलं. जमलेला मसुदा ल्यूथरला ठिगळकाम वाटला, रोमलाही पटला नाही. जुलै १५४२ मध्ये रोमनं नवं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं धर्मकोर्ट, सुरू केलं. पुढच्याच महिन्यात कोंतारिनी बोलोन्यात वारला, आजारानं. त्याला कुणी जाळलं नाही.

लोंढा पॅसेंजर
मास्तर, मोरची दुसरी बाजू सांगितली नाहीत. १५२९ ते १५३२ ते चान्सेलर, म्हणजे राजाचे बडे मंत्री होते, त्या काळात प्रोटेस्टंट लोक जाळले गेले आणि मोरनी त्याचं लेखी समर्थन केलं. तिकडचा, म्हणजे प्रोटेस्टंट बाजूचा, ह्यू लॅटिमर बघा. १५३८ मध्ये जॉन फॉरेस्ट नावाच्या फ्रायरला, म्हणजे कॅथलिक संन्याशाला जाळलं, सरपणात वेल्समधून आणलेली संताची लाकडी मूर्ती घातली. समोर उभं राहून प्रवचन दिलं लॅटिमरनं. १५५५ मध्ये कॅथलिक मेरी राणीनं ऑक्सफर्डला लॅटिमरलाच जाळलं. आता झगा नक्की कुणाचा?

निपाणीचा रिटायर मास्तर
खरंय. शाळेत मी पंचवीस वर्षं मोर शिकवला, पण ते पान नेहमी घाईत उरकलं.

शहापूरचा शिंपी
सर, ठिगळाला नाव ठेवणारा ल्यूथर कधी फाटकं नेसला नसेल. आमच्या गल्लीत कानडी-मराठी वादात दोन्हीकडं समजावणाऱ्याला दोन्हीकडनं शिव्या बसतात, म्हणून कोंतारिनी लगेच ओळखीचा वाटला.

फादर काल झगा घेऊन गेले. त्यांना विचारलं, कोंतारिनीच्या दिवशी कुठला रंग? हसले. त्याला दिवस नाही म्हणाले, तो संत नाही. शंभराची नोट दिली, माझ्याकडं सुट्टे नव्हते. त्यांचे वीस रुपये राहिलेत.