लक्ष्मीयात्रा, खंडेनवमी, पिंडदान: ख्रिस्ती माणसाने कुठे थांबावं?

खानापूर_तरुणसंघ
सलाम मंडळी. आमच्या संघातले बरेच जण घरात एकटेच ख्रिस्ती विश्वासात आहेत. त्यांचे तीन प्रश्न सारखे येतात. गावात महालक्ष्मी यात्रा ठरली की घरटी वर्गणी आणि वार पाळणूक, त्याचं काय करायचं? बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत खंडेनवमीला मशीनसमोर नारळ फोडायला सांगतात, तेव्हा? आणि घरात कोणी गेलं तर पिंड कोण ठेवणार? "प्रार्थना करा" हे आम्हाला माहीत आहे. नेमकं काय करायचं, काय बोलायचं आणि कायदा काय म्हणतो ते लिहा.

फौंड्रीवाला
खंडेनवमीचं बोलतो. आदल्या दिवशी मशीन पुसणं, चिप्स काढणं, ऑइल बदलणं, शेड झाडणं ही कामं आहेत, ती इतरांपेक्षा जास्त करा. हळदकुंकू लावणं, नारळ फोडणं, आरतीचं ताट धरणं ही पूजा आहे. रेघ तिथे मारायची.

बिघडतं ते वेळेमुळे. माणूस आठवडाभर गप्प बसतो आणि ऐन आरतीला, मालकाचे पाहुणे उभे असताना हात मागे घेतो. मालकाला तो अपमान वाटतो, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून आठ-दहा दिवस आधी सुपरवायझरला एकट्याला गाठा: "साहेब, साफसफाई सगळी माझ्याकडे द्या. पूजेत मात्र हात लावणार नाही, मी ख्रिस्ती आहे. त्या वेळेला गेट सांभाळतो." एवढं पुरे. मूर्तिपूजेवर प्रवचन तिथे नको. बायबलात १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं आहेच, पण ते सौम्यतेने द्या असंही त्याच वचनात आहे. हा अर्धा भाग आपल्याकडे फार जण विसरतात.

प्रसादाच्या पेढ्याचं म्हणाल तर १ करिंथ १०:२५-२९ वाचा. बाजारातलं न विचारता खा. हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. "नको, धन्यवाद" म्हणावं. घेऊन मागल्या दाराने टाकून देणं सगळ्यात वाईट, कोणीतरी बघतंच.

जुनी_मंडळी
वार पाळणुकीत घाबरण्यासारखं काही नाही. त्या दिवशी शेतात न जाणं, ट्रॅक्टर न काढणं म्हणजे उपासना नव्हे. ओटी भरणं, नवस बोलणं ही उपासना. वर्गणीचा मार्ग असा: कमिटीला आधीच सांगा की पैसे पाण्याच्या टँकरला किंवा रस्त्याच्या लायटींना देतो, आणि थेट टँकरवाल्याला द्या. घरटी ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी नको, नाहीतर पैसे वाचवायला धर्म बदलला म्हणतील.

कॅम्प_वकील
टँकरची युक्ती मला पटत नाही. कमिटीचा खजिना एकच. तुमच्या टँकरमुळे वाचलेले पैसे पूजेलाच जातात. रोम १४ प्रमाणे ज्याने त्याने मनाशी ठरवावं, पण अंगावरून ओझं उतरलं असं समजू नका.

आता कायदा. कर्नाटकचा धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा २०२२ चा. बाप्तिस्मा घेणारा आणि देणारा, दोघांनीही ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवायचं. नंतर ३० दिवसांत पुन्हा घोषणापत्र. जबरदस्तीने वा आमिषाने धर्मांतर केल्यास शिक्षा ३ ते ५ वर्षं, स्त्रिया, अल्पवयीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ३ ते १० वर्षं. गुन्हा अजामीनपात्र, आणि जबरदस्ती वा आमिष नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. तक्रार नातेवाईकच काय, सहकारीही करू शकतो. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. पण असा निर्णय म्हणजे विधिमंडळाने रद्द करणं नव्हे, म्हणून बाप्तिस्म्याची तारीख धरण्याआधी वकिलाकडून आजची स्थिती विचारा. आमिषाची व्याख्या फार रुंद आहे. प्रार्थनासभेत तांदूळ, कपडे, औषधं वाटू नका. दानधर्म वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, सगळ्यांसाठी करा.

वाळीत टाकलं तर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार कायद्याचं नाव घेऊन पोलिसांकडे जाऊ नका. तो सीमेपलीकडे चंदगडात चालतो, इथे कर्नाटकात नाही. उपासनेत गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० आहे. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे.

खानापूर_तरुणसंघ
पिंडाचं राहिलं. घरचे म्हणतात, पिंड ठेवला नाहीस तर जमिनीत वाटा नाही.

कॅम्प_वकील
धमकी पोकळ आहे. धर्म बदलल्याने वारसा जात नाही, हे १८५० च्या कायद्यापासून चालत आलंय. अडचण आहे ती पुढच्या पिढीची: हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २६. धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस धरली जात नाहीत, वारसा खुला होताना, म्हणजे मिळकतीचा मालक वारला तेव्हा, ती स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून वाटणी तुमच्या हयातीत करून घ्या आणि उताऱ्यावर नाव चढवा. दुसरं, अनुसूचित जातीचा दाखला. १९५० च्या आदेशानुसार तो हिंदू, शीख, बौद्धांपुरता. बाप्तिस्मा घेऊन दाखला वापरणं म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. नोकरी लागल्यावर कोणी तक्रार केली तर नोकरीच जाते.

जुनी_मंडळी
पिंडाचा विषय आईवडील हिंडतेफिरते असताना भावांशी काढा, तिरडीजवळ नाही. धाकटा भाऊ किंवा पुतण्या विधी करू शकतो, ते आधीच ठरवा. तुम्ही खांदा द्या, लाकडांचे पैसे द्या, आल्यागेल्याचं जेवण सांभाळा. पिंड, तिलांजली, विधीचं मुंडण नको. अग्नी देण्याबद्दल पाळकांची मतं एकसारखी नाहीत, आपल्या पाळकांना विचारा. "आईबापाला मानत नाही" हा टोमणा येणारच, म्हणून आजारपणात दवाखान्याच्या रात्री तुम्ही काढा.

कोणी "हा परक्यांचा धर्म" म्हणालं तर मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं नाव सांगा. जन्म १८३१, बेळगावचा; १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच.

फौंड्रीवाला
आणि कोणी बायबलातल्या नामान सेनापतीचा दाखला देईल, २ राजे ५:१८, धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकलो तर चालेल म्हणून. त्याने आधी क्षमा मागितली होती, धन्याचा हात त्याच्या हातावर असायचा आणि स्वतः होऊन तो गेला नव्हता. नारळ फोडायला त्याचा आधार निघत नाही.