राँग साइडने सायकल? नका ओ करू

समोरची गाडी दिसते म्हणून राँग साइडने चालवतो असं म्हणत असाल, पण हिशोब बघा की, तुम्ही २० ने आणि गाडी ६० ने, एकाच दिशेला असाल तर फरक ४० चा, समोरासमोर आलात तर थेट ८०. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा फक्त उजवीकडं बघतो, तुमच्याकडं त्याची नजरच नसते. त्यापेक्षा हँडलला आरसा लावा, स्वस्तात मिळतो.

आमच्या सोलापुरात होटगी रोडला काय किंवा विजापूर रोडला काय, कारवाल्यांपेक्षा मला गाळपाच्या सीझनमध्ये उसाच्या डबल ट्रॉलीची जास्त भीती वाटते, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस बाजूला लोंबतोय आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही, तिथं सायकलच्या घंटीचं काय घेऊन बसलात! ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडूच नका, मागं अंतर ठेवून राहा.

पंक्चरचं म्हणाल तर आपल्याकडं वेडी बाभूळ हेच मुख्य कारण. नुसती ट्यूब बदलून भागत नाही, काटा टायरमध्येच मोडून राहतो, आतून फडकं फिरवा, अडकलं की तिथंच काटा, काढला नाही तर नवी ट्यूब पण गेली. आणि चेनला जाड इंजिन ऑइल ओतू नका राव, आपल्या धुळीत त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) दोन्ही खाते. पातळ तेल, लिंकला एकेक थेंब, वरचं पुसून टाकायचं.