उसाच्या मुरघासात म्हणे काही घालू नका!

गव्हाण
परवा इथं एकांनी उसाच्या मुरघासाबद्दल, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याबद्दल, छातीठोक लिहिलं: 'उसात साखर ठासून भरलेली असते. कुट्टी करा, तुडवा, झाका, विसरून जा. युरिया, चुना, जिवाणू घालणारे नुसते पैसे उडवतात.' खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. मला काही राहवलं नाही.

अहो, साखर आहे हीच तर भानगड. मक्याच्या मुरघासात आंबट करणारे जिवाणू साखर खातात, सामू (पीएच) उतरतो, विषय संपतो. उसातही सामू झटकन चारच्या खाली येतो, आपण खूश. पण यीस्टला त्या आंबटपणाचं सोयरसुतक नसतं. ती निवांत बसून साखरेची दारू गाळते. 180 किलो ग्लुकोज आंबलं की 92 किलो अल्कोहोल आणि 88 किलो कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ निम्मं वजन हवेत! काहीही न घालता केलेल्या उसाच्या मुरघासात पाव हिश्शाहून जास्त शुष्क पदार्थ गेल्याच्या नोंदी आहेत. उरतो चोथा. मग तपासणीत तंतूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तंतू कुठून येणार, साखर पळालेली असते. तेव्हा घालायचं की नाही हा प्रश्नच नाही. यीस्टला आवरेल असं काय घालायचं, एवढंच बोला.

जुनं खोड
नाव न घेता माझ्यावर धागा काढलात, आभारी आहे. तीन वर्षं नुसताच करतोय. एक जनावर तोंड फिरवत नाही. उघडल्यावर काय गोड वास सुटतो, या एकदा नाक घेऊन.

गव्हाण
तो गोड वास कशाचा, तेच वर लिहिलंय.

तिसरं वेत
मग गाय झिंगते का? खरंच विचारतेय, हसू नका.

कोठीपोट
नाही ताई. अल्कोहोल पोटात गेलं की तिथले जिवाणू बरंचसं अॅसिटेटमध्ये वळवतात, तेही गाईला ऊर्जा म्हणून लागू पडतं. म्हणजे गव्हाण म्हणतात तसं सगळंच वाया नाही. वायू गेला तो मात्र गेलाच, आणि उघड्यावर पसरून ठेवलंत तर अल्कोहोलही उडतं.

बांधावरचा
मी जिवाणूंचं पाकीट घातलं होतं. नेमानं, झाऱ्यानं शिंपडून. मुरघास आधीच्यापेक्षा भिकार! उघडल्यावर दुसऱ्या दिवशी हात घालवेना इतका गरम. पाकीट विकणारा म्हणे तुमचं पाणी क्लोरीनचं असेल. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन घालायला कोण आलं होतं?

गव्हाण
पाकिटावर कुठला जिवाणू होता? 'प्लँटारम' असेल तर तो लॅक्टिक आम्ल भरपूर करतो, पण यीस्टला त्याचा धाक नाही. उसाला 'बुकनेरी' हवा. तो लॅक्टिक आम्लाचं अॅसेटिक करतो आणि अॅसेटिकनं यीस्ट दबते. फक्त तो संथ आहे, दीड-दोन महिने मुरघासाचं तोंड उघडायचं नाही.

बांधावरचा
प्लँटारमच होता. विकताना हे कोणी का सांगत नाही?

चुनखडी
पाकिटं सोडा, चुना घाला. टनाला 10 किलो कळीचा चुना पाण्यात विरवून, थंड करून. यीस्ट आटोक्यात, वर तंतूही सैल होतो, पचतो जास्त.

कोठीपोट
पचतो, मान्य. पण 10 किलो चुन्यात सात किलोच्या वर नुसतं कॅल्शियम, आणि टनभर उसात कोरडा माल साधारण 300 किलो. म्हणजे दोन टक्क्यांच्याही वर. दुभतीच्या सगळ्या आहारात पाऊण टक्का पुरे असतो. स्फुरदाचा तोल जातो तो वेगळाच. आणि विण्याच्या तोंडावर आलेल्या गाईला हे चारून दुग्धज्वर (विल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय आडवी होते तो) ओढवून घ्यायचा का?

चुनखडी
फक्त मुरघासावर कोण जगवतं हो गाय? थोडं घालायचं, बाकी आहार सांभाळायचा. प्रत्येक गोष्टीत काडी घालायची सवय आहे तुम्हाला.

गव्हाण
माझं मत युरिया. टनाला 10 किलो. अमोनियानं यीस्ट आवरते, आणि उसाची मोठी उणीव भरून निघते. 300 किलो कोरड्या मालात प्रथिनं जेमतेम नऊ किलो. 10 किलो युरियात नत्र 4.6 किलो, सव्वासहानं गुणलं की प्रथिनांच्या हिशोबात अठ्ठावीस किलोच्या वर. थोडा अमोनिया उडाला तरी सौदा वाईट नाही.

कडबा
युरियाचं नाव काढू नका. दुसऱ्या वेताची म्हैस गेली माझी. सकाळी चारलं, तासाभरात थरथरायला लागली, तोंडाला फेस, पोट टम्म. डॉक्टर येईपर्यंत संपलं. इथं बसून सव्वासहानं गुणायला काय जातंय!

चुनखडी
युरिया मिसळला कसा होता?

कडबा
सगळे मिसळतात तसाच. थरावर मूठ मूठ.

चुनखडी
कोरडा, मुठीनं, न मोजता? मग युरियानं काय करायचं? एका घासात काही नाही, दुसऱ्यात खडाच खडा.

कडबा
मेलेल्या जनावरावर उभं राहून शिकवणी घेऊ नका.

तिसरं वेत
अहो, त्यांना किती लागलं असेल! पण मुठीचं खरंय हो. आमच्याकडे माझी मूठ आणि सासऱ्यांची मूठ यात दुपटीचा फरक. मी तोलून, पाण्यात पूर्ण विरवून, थर चढताना झारीनं शिंपडते. आणि चारायला काढलं की आठवडा-दहा दिवस थोडं थोडं वाढवते. वासरांना अजिबात नाही. गोठ्यात व्हिनेगरची बाटली कायम. डॉक्टर वाटेत असताना भरपूर गार पाणी आणि व्हिनेगर पाजायचं असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

कडबा
व्हिनेगरचं तेव्हा कोणी सांगितलं नाही मला.

गव्हाण
कडबा, माझं बोलणं रुक्ष झालं. चुकलं.

शंकासुर
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. उसाचा मुरघास करायचाच कशाला? बाकी चारा जून झाला की पचेनासा होतो, ऊस उभा राहिला तर साखर वाढवतो. रोज तोडा, ताजी कुट्टी घाला. शेतात उभा असलेला ऊस हाच मुरघास!

जुनं खोड
रोज तोडा! कोण तोडणार, तुम्ही येता? पहाटे, पावसात, आजारी असताना? एकदम तोडला की रान मोकळं होतं, खोडवा सारखा फुटतो. वाऱ्यानं लोळलेला, आगीत होरपळलेला ऊस उभा कसा ठेवायचा तेही सांगा.

कोठीपोट
होरपळलेल्यात तर दारू जास्तच होते. साल तडकून रस बाहेर येतो, यीस्टला आयतं ताट.

शंकासुर
बरं बाबा. ज्याला माणूसबळ नाही त्यानं करावा. झालं समाधान?

जुनं खोड
गव्हाणरावांच्या समाधानासाठी सांगतो. या वेळी दोन पिंपं भरतो, एक नुसतं, एक युरियाचं. भरताना तोलतो, उघडताना तोलतो. वजन सारखं निघालं तर धागा काढून जाहीर माफी मागायची.

गव्हाण
मागीन. पण झाकण अगदी घट्ट आवळू नका, वायूला वाट ठेवा. आणि निदान दोन महिने थांबा.

कडबा
ते मात्र खरं. माझ्या नुसत्या उसाच्या बॅगा चौथ्या दिवशी फुगून ढोल झाल्या होत्या. दोन तर शिवणीत फाटल्या.

जुनं खोड
फुगल्या? माझ्याही दरवर्षी फुगतात. मला वाटायचं झकास मुरतंय.