वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर: आम्ही भावंडांनी फिट करावी की थेट कोलोनोस्कोपी?

सोनचाफा:
वडिलांना ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. मी ४१, बहीण ३८. दोघांनाही काही त्रास नाही. लॅबवाले शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' आणि रक्तातलं सीईए (काही कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) करा म्हणतात. तेवढ्यावर भागेल का? कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं) करायचीच तर तयारीत काय सांभाळायचं? आत्याला ४७ व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला होता. त्याचा याच्याशी संबंध नसावा, तरी सांगून ठेवतो.

अडकित्ता:
सीईए विसरा. ते उपचारानंतर लक्ष ठेवायला वापरतात, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा नॉर्मलच येतं. शिवाय नुसत्या विडी-सिगरेटनेही वाढतं.

फिट चांगली तपासणी आहे, पण घरात कुणाला नाही अशांसाठी: ४५ च्या पुढे, दरवर्षी. शौचातलं माणसाचं हिमोग्लोबिन ती पकडते, त्यामुळे आधी मटण बंद करायची गरज नसते (जुन्या ग्वायाक तपासणीत असायची). मात्र न रक्ताळणारा पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा कोंब, ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) तिला दिसत नाही. नमुना कमोडच्या पाण्याला लागू न देता घ्या, काडी चार-पाच जागी टोचा, कुपी उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आली तर 'परत करून बघू' नाही, सरळ कोलोनोस्कोपी.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला ६० च्या आत झाला असेल तर नियम वेगळा: ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, मग दर ५ वर्षांनी. ५४ वजा १० म्हणजे ४४, म्हणून ४० धरायचं. तुमची वेळ होऊन गेली, बहिणीची दोन वर्षांनी येईल.

केळफूल:
तयारीबद्दल. कोलोनोस्कोपी फुकट जाते ती बहुतेक वेळा आतडं साफ नसल्यामुळे.

लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद, त्याने मळ काळा आणि चिकट होतो. ३ दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, तीळ, सब्जा, पालेभाजी, भाकरी, इसबगोल नको. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. मऊ भात, वरण, दही, अंडं चालतं. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वरचं पाणी, कोरा चहा. ताक आरपार नसतं! कोकम सरबत आणि बीटही नको, आत लाल दिसलं की रक्ताचा भास होतो.

पोट साफ करणाऱ्या पीईजी पावडरचं १३७ ग्रॅमचं पाकीट २ लिटर पाण्यात कालवतात. अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवा. सगळं रात्रीच ढोसून झोपलात तर सकाळपर्यंत उजव्या भागावर पुन्हा पित्ताचा चिकट थर बसतो, आणि तुमच्या घरात उजवीकडेच पाहायचंय. थंड करून, दर १०-१५ मिनिटांनी एक पेला. शेवटी लघवीसारखं पिवळसर पाणी पडायला हवं. गढूळ असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा.

डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी ३ दिवस आधी थांबवावी लागते. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल त्या देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका.

पाणकणीस:
वरचं सगळं बरोबर, पण आत्याचा उल्लेख शेवटी टाकलात, तो खरं तर पहिला यायला हवा होता. वडिलांना उजव्या बाजूचा, त्यांच्या सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत गर्भाशयाच्या अस्तराचा: इथे लिंच सिंड्रोमचा (असे कॅन्सर घराण्यात आणणारा आनुवंशिक जनुकदोष) विचार करायलाच हवा. तो असेल तर ४० आणि ५ वर्षांचा हिशोब मोडीत निघतो. मग कोलोनोस्कोपी दर १ ते २ वर्षांनी, तीही २०-२५ व्या वर्षापासून (काही जनुकांत ३०-३५ पासून). त्यात पॉलिपचा कॅन्सर फार लवकर होतो. बहिणीला गर्भाशयाकडेही बघावं लागेल.

सुरुवात तुमच्या रक्तापासून नको, वडिलांच्या गाठीपासून करा. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या ४ प्रथिनांचं रंजन (गाठीच्या तुकड्याला रंग देऊन ती प्रथिनं आहेत का ते पाहणं) झालंय का, ते बायोप्सी रिपोर्टात शोधा. एखादं 'हरवलेलं' निघालं तर वडिलांची जनुक तपासणी, आणि त्यात दोष सापडला तरच तुमची. प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के.

सोनचाफा:
रिपोर्टात यातलं काहीच नाही. आता उशीर झाला का?

पाणकणीस:
नाही. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो. रिपोर्टावरचा बायोप्सी नंबर घेऊन जा आणि त्याच ब्लॉकवर ही तपासणी मागा. दुसरीकडे करायची असेल तर ब्लॉक सही करून मिळतो. मात्र तुमची कोलोनोस्कोपी त्या निकालासाठी अडवून ठेवू नका.