परसात प्लास्टिकच्या गवताचं पटिंग ग्रीन: करावं का?

वाळवंटी_उंट (चँडलर, ॲरिझोना)
मंडळी, परसातली हिरवळ यंदा काढायचीच असं ठरतंय. बर्म्युडा गवत उन्हाळाभर पाणी ढोसतं, थंडीत पिवळं पडतं, मग त्यावर राय नावाचं थंडीतलं गवत पेरा आणि पुन्हा पाणी मारा. वैताग आलाय. त्या जागी ४०० चौरस फुटांचं कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालायच्या (पटिंगच्या) सरावाची जागा, करावी म्हणतोय. तीन होल, मधे हलकासा उतार, कडेने जरा उंच गवत. कोटेशन चौरस फुटाला २२ डॉलर, म्हणजे ८,८००.

कारणं दोन. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत पुरा व्हावा अशा गोल्फ कोर्सवर निम्मे, म्हणजे ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, आणि आपण सराव करतो तो मात्र ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचा! दुसरं कारण पाण्याचं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि सगळ्यात मोठी कात्री लागली ती आपल्याच राज्याला.

एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) भीती नाही. खरं गवत चालत असेल तर कृत्रिमाला बंदी घालता येत नाही, असा राज्याचा २०२२ चा कायदा आहे. विरोधी मतं हवी आहेत. झोडा बिनधास्त.

निवडुंग
झोडतो. पाण्याचा मुद्दा मधे आणू नका. लास वेगासच्या पाणीखात्याचा हिशोब असा, की एक चौरस फूट गवत काढून तिथे ठिबकवरची झाडं लावली तरी वर्षाला साधारण ५५ गॅलन पाणी वाचतं. तुमच्या ४०० फुटांचे झाले २२,००० गॅलन. म्हणजे पाणी वाचवायला प्लास्टिकच अंथरायला हवं असं काही नाही. खेळायचंय हे खरं कारण, पाणी हे निमित्त.

आणि उष्णता? २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं. खरं गवत पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिक नुसतं तापतं.

वाळवंटी_उंट
पकडलंत! खेळायचंच आहे. पण झाडांवर पट मारता येत नाही हो.

दोन_पोरांची_आई
आमच्याकडे चार वर्षांपासून आहे, म्हणून लिहिते. मागच्या जूनमध्ये दुपारी दोनला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर १६२ फॅरनहाइट. धाकटा अनवाणी धावला आणि तळव्यांना फोड आले. होजपाइपने पाणी मारलं की गार होतं, पण दहा-पंधरा मिनिटांत जैसे थे. मग पाणी कसलं वाचलं? कुत्रा असेल तर वासाचं प्रकरण वेगळंच, पावसाने धुऊन निघायला इथे पाऊस पडतो कुठे!

मात्र नोव्हेंबर ते मार्च पोरं तिथून हलत नाहीत. काढून टाका असं मला अजून म्हणवत नाही.

पटपट_पटर
मी बाजूने. सगळे गवतावर भांडताय, पण कामाचा जीव खालच्या थरात असतो. माती उकरून तीन-चार इंच बारीक ग्रॅनाइटचा चुरा, थोडं पाणी मारत कॉम्पॅक्टरने ठोकून घ्यायचा. हे नीट झालं नाही तर दोन वर्षांत खळगे पडतात आणि प्रत्येक चेंडू एकाच कोपऱ्यात जाऊन बसतो. कंत्राटदार गवताचे नमुने दाखवत बसतो. तुम्ही ठोकणीचं विचारा.

दुसरं, वेग. स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची खाचेची पट्टी. एक टोक उचललं की चेंडू सुटतो, आणि जितके फूट घरंगळेल तितका ग्रीनचा वेग. वर पसरलेल्या सिलिका वाळूवर हा वेग बराचसा ठरतो. नऊ-दहावर थांबा. स्पर्धेतल्यासारखा बारा मागाल तर उतारावर चेंडू थांबणारच नाही.

आणि परसाकडच्या खिडक्या लो-ई काचेच्या, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या लेपाच्या आहेत का? त्या काचेवरून उलटलेलं ऊन एका जागी पडलं की गवत चक्क वितळतं. शेजाऱ्याकडे पाहिलंय.

येरवडेकर (पुणे)
इतका खर्च करून शिकणार काय? खरं ग्रीन सकाळी दवात जड असतं, दुपारी सुकून पळतं. बर्म्युडात तर पात्यांच्या कलाप्रमाणे चेंडू वळतो. तुमचं प्लास्टिक बारा महिने एकसारखं. महिनाभरात तुम्हाला तेच तीन होल पाठ होतील आणि कोर्सवर गेलात की पहिला पट सहा फूट पुढे.

पटपट_पटर
येरवडेकर, अंदाज तिथे शिकायचाच नसतो. चार फुटांवरून पटरचं (पटिंगच्या काठीचं) तोंड सरळ राहतंय का, एवढंच घोटायचं. होल सगळीकडे सव्वाचार इंचांचंच असतं ना?

येरवडेकर (पुणे)
मग दिवाणखान्यात चटई अंथरा. ८,८०० डॉलर वाचले.

निवडुंग
हाहा, +१. शिवाय गवत जुनं झालं की वाळूने जड झालेलं ते भेंडोळं जाणार कुठे? कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शहरांना कृत्रिम गवतावर बंदी घालायची मुभा दिली, ती उगाच नाही.

वाळवंटी_उंट
चटईवर उतार नसतो, येरवडेकर, त्यामुळे ते बाद. बाकीचं पटलं. काल होजपाइप जमिनीवर टाकून आकार आखून पाहिला. परस घराच्या पूर्वेला आहे, तीननंतर घराचीच सावली पडते. तेवढ्या पट्ट्यात २०० फूट बसतात. दोन होल, तिसरं रद्द. उरलेल्या जागेत खडी, ठिबक आणि एक पालो वर्देचं झाड. खिडक्या लो-ईच निघाल्या, त्यांना बाहेरून जाळी लावतो.

निवडुंग
पालो वर्दे ग्रीनपासून लांब लावा. एप्रिलमध्ये पिवळ्या फुलांचा सडा पडतो, रोज ब्लोअर घेऊन उभे राहाल. उरलेल्या १६२ फॅरनहाइटला माझा विरोध कायम आहे.

वाळवंटी_उंट
नोंद घेतली. आई मेमध्ये यायची आहे. तो आकडा ऐकून तिने विचारलंय, यावर सांडगे वाळतील का?

दोन_पोरांची_आई
तासाभरात वाळतील. खाली जुनं धोतर मात्र घाला, नाहीतर सिलिका वाळू दाताखाली येते. अनुभव आहे.