फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं, चहा सोडू का? (नागपूर)

नमस्कार मंडळी. वय ४३, वजन ८४. मागच्या महिन्यात पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं गॅसचं निघालं, पण रिपोर्टमध्ये खाली 'फॅटी लिव्हर ग्रेड २'. एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ७१, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.१. दारू नाही, होळीलाही नाही. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, गोड बंद," आणि पुढचा पेशंट आत. चहाचं विचारायचं राहूनच गेलं.

तर माझा हिशोब: सकाळी घरी एक, नऊला धरमपेठेत तर्री पोह्यांवर एक, ऑफिसात तीन, संध्याकाळी घरी एक. प्रत्येकात दोन चमचे साखर. टपरीवर किती पडते ते टपरीवाल्यालाच माहीत.

मेहुणा म्हणून राहिला, ग्रीन टीच्या कॅप्सूल घे, चरबी वितळते. बायको म्हणते गुळाचा कर. आई म्हणते चहानंच लिव्हर खराब झालं (स्वतः चार कप पिते). ऐकू कोणाचं? एक दिवस सोडून पाहिला तर डोकं असं ठणकलं की बस.

बर्डीकर: भाऊ, चहापत्तीला कशाला फाशी देता? सहा कप म्हणजे बारा चमचे. चमच्याला ४ ग्रॅम धरा, ४८ ग्रॅम साखर झाली. डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या सल्ल्यात रोज २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हटलंय, ती मिठाई-सरबत सगळं धरून. साखरेत अर्धं फ्रुक्टोज, ते बहुतेक लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथंच चरबी बनते. गूळही त्याच घरचा. वहिनींना सांगा, रंग बदलला फक्त.

गोळीवाली: मी फार्मसिस्ट आहे. कॅप्सूल अजिबात नको. ग्रीन टी कपात उकळून पिणं वेगळं आणि त्याचा अर्क गोळीत कोंबणं वेगळं. त्यातलं कॅटेचिन (ईजीसीजी) गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलंय. उपाशीपोटी तर धोका आणखी. तुमचं एसजीपीटी आधीच वर आहे! साधा ग्रीन टी आवडत असेल तर प्या, पण त्यानं लिव्हर धुऊन निघेल असं नाही. त्या मानानं बिनसाखरेच्या कॉफीचा पुरावा जास्त भक्कम आहे. डोकं दुखतं ते कॅफिन एकदम तोडल्यानं, दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा. जेवणावर लगेच चहा नको, लोह कमी शोषलं जातं.

अंबाझरी_वॉक: चहा राहू द्या, वजनाचं पाहा. ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरची सूजही उतरते. तुम्हाला सहा ते आठ किलो. आणि डॉक्टरांना फायब्रोस्कॅनचं विचारा, लिव्हर किती कडक झालंय ते सोनोग्राफीत नीट कळत नाही.

धागाकर्ता: मेहुण्याची बाटली परत केली. टपरीवर आज फिका सांगितला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, शुगर निघाली का?"