कंदाहार: शहाजहानची गरज की हट्ट?

दप्तरदार: १६४९, १६५२, १६५३. इराणकडे गेलेलं कंदाहार परत घ्यायला पाच वर्षांत मुघलांचे तीन वेढे, तिन्ही फसले. पहिले दोन औरंगजेबाचे, तिसरा त्याचा भाऊ दारा शुकोहचा. माझ्या मते निदान तिसरा तरी निव्वळ हट्ट. गंमत म्हणजे १६२२ मध्ये इराणचा शाह अब्बास कंदाहारवर चालून आला, तेव्हा जहांगीरने ह्याच शहाजहानला तिकडे जायला सांगितलं होतं. तेव्हा साहेब अटी घालत बसले आणि पुढे बंडच केलं!

खिंडीपल्याड: हट्ट कसला? नकाशा बघा. हेरातकडून काबूलला जाणारी वाट कंदाहारवरून, बोलन खिंडीतून सिंधकडे उतरणारीही तिथूनच. घराच्या दाराची कडी शेजाऱ्याच्या हातात ठेवून झोप लागेल? शिवाय १६३८ मध्ये सफवींचा (इराणच्या राजघराण्याचा) सुभेदार अली मर्दान खान स्वतःच्या शहाच्या धास्तीने ठाणं आपणहून देऊन गेला होता. फुकट मिळालेलं अकरा वर्षांत गेलं, तर कुठला बादशहा गप्प बसेल?

दप्तरदार: १६५३ नंतर मुघल गप्पच बसले की! काबूल गेलं का? पुढची ८५ वर्षं नाही.

खिंडीपल्याड: आणि मग नादिरशहा कुठून आला? १७३८ मध्ये आधी कंदाहार, मग काबूल, पुढच्या वर्षी दिल्ली.

दप्तरदार: त्याने ते सफवींकडून नाही, घिलझई अफगाणांकडून घेतलं. दिल्ली पोखरलेली होती, त्याला कंदाहार काय करणार?

बत्ती_द्या: दोघेही तोफा विसरताय. इराणचा शाह अब्बास (दुसरा) ऐन हिवाळ्यात आला, मुघल कुमक बर्फामुळे पोचेना, फेब्रुवारी १६४९ मध्ये किल्ला पडला. मुघल यायचे उन्हाळ्यात आणि थंडीच्या आत परत फिरायचे. त्यात इराणी गोलंदाज सरस. गरज खरी असेलही, पण ती भागवण्याची ऐपत नव्हती. १६५२ च्या अपयशानंतर औरंगजेब आणखी एक संधी मागत होता. बापाने ती दिली नाही, दख्खनची सुभेदारी देऊन इकडे पाठवलं. म्हणजे कंदाहारची झळ आपल्यालाही लागलीच.

दप्तरदार: 'ऐपत नव्हती' हे दोन वेढ्यांत कळूनही तिसरा घालणं, ह्यालाच मी हट्ट म्हणतोय.

परकोट: कंदाहारकरांना काय हवं होतं, हे कुणीच विचारत नाहीये. १७०९ मध्ये घिलझई सरदार मीरवैस होतकने सफवींचा सुभेदार गुर्गीन खान याला मारून शहर ताब्यात घेतलं.